शेवाळाची काढणी

प्रस्तावना

आमच्या शिरड शहापुरात उन्हाळा तोंडावर आला की घरोघरचे हौद घासायला निघतात. गुरांच्या हौदाला आतून हिरवा, बुळबुळीत थर धरलेला असतो. हौद रिकामा करायचा, विटेच्या तुकड्यानं तो थर खरवडायचा, चुना मारायचा आणि मगच नवं पाणी भरायचं. लहानपणी हे काम माझ्या वाट्याला यायचं. खरवडून झालं की आई हौदात वाकून बघायची आणि बोटाला कुठे हिरवं लागलं तर विटेचा तुकडा परत हातात द्यायची. शेवाळ म्हणजे घाण, हे मी असं हातानं शिकलो. पुढे तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, फळ्यावर शेवाळाची पेशी काढली, हरितद्रव्य समजावून सांगितलं, तरी घरचा हौद घासताना मनात तीच समजूत असायची.

गुरांच्या तोंडातली लाळ, वैरणीचा भुसा, शेणाचे शिंतोडे यांतून पाण्यात जे उतरत होतं, त्यावर ते शेवाळ पोसलं जात होतं. मी दरवर्षी खरवडून उकिरड्यावर टाकत होतो ते त्या पाण्यातून बाहेर काढलेलं खत होतं. आई करून घेत होती ते काम अगदी बरोबर होतं. ते बरोबर का आहे, हे मला फार उशिरा कळलं. पाण्यातली घाण शेवाळानं उचलायची. शेवाळ माणसानं उचलायचं. ही पुस्तिका या दोन वाक्यांचा विस्तार आहे, आणि तिचा सगळा भर दुसऱ्या वाक्यावर आहे.

शेवाळाकडून पाणी आणि माती साफ करून घेण्याच्या विद्येला शास्त्रात फायकोरेमेडिएशन म्हणतात. नाव अवघड असलं तरी काम जुनं आहे. माणसानं ते हाती घेण्याच्या कितीतरी आधीपासून ओढे, डबकी आणि भाताची खाचरं ते करत आलेली आहेत.

शिरड शहापूर हे औंढा नागनाथ तालुक्यातलं, वसमतच्या वाटेवरचं गाव. मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळे लांबलांबचे यात्रेकरू इथे येतात. एरवी हा सगळा मुलूख हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पूर्णेवरची येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं याच भागातली. तरीही आमच्या पिढीनं पाणी आडातून शेंदून वापरलेलं आहे. घागरीनं आणलेलं पाणी माणूस मोजून वापरतो. मोरीतून बाहेर पडायचं ते परसातल्या अळूला आणि केळीला पुरत नसे. मग नळ आला. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशननं माणशी रोज ५५ लिटर हे माप ठरवलं. ते पाणी घरात यावं म्हणून गावोगाव लोक झटले, आणि ते योग्यच झालं. पण घरात आलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असा अभियंत्यांचा हिशेब आहे. म्हणजे माणशी ४४ लिटर, आणि हजार माणसांमागे रोज ४४ हजार लिटर. दहा हजार लिटरचे चार टँकर भरून वर उरेल इतकं पाणी रोज नालीत उतरतं. ते पुढे कुठे जातं हा प्रश्न गावाच्या बैठकीत सहसा निघत नाही. ते ओढ्याला जातं आणि पावसाळ्यात ओढ्याचं पाणी नदीला जातं.

या विषयाकडे मी वळलो तो नालीमुळेच. घरामागच्या नालीत घरांची सावली पडते तिथे पाणी काळं असतं आणि वासानं उभं राहवत नाही. तीच नाली पुढे बखळीत उघड्यावर येते, दिवसभर ऊन खाते. तिथे तिच्या कडा हिरव्या असतात आणि वास निम्म्यानं कमी. पाणी तेच, उतार तोच, मधे नवं काही मिसळलेलं नाही. फरक उन्हाचा आणि त्या हिरव्या कडेचा.

म्हणून मी लोणच्याच्या दोन मोठ्या काचेच्या बरण्या घेतल्या. दोन्हींत नालीचं पाणी भरलं, राख कालवलेल्या पातळ ताकासारखं दिसणारं. दोन्हींत हौदाच्या कडेचं चमचाभर शेवाळ टाकलं. तोंडाला डास जाऊ नयेत म्हणून पातळ फडकं बांधलं. एक बरणी स्लॅबवर उन्हात ठेवली आणि दुसरी तिच्याच शेजारी, काळ्या पोत्यात गुंडाळून. तिसऱ्या दिवशी उन्हातल्या बरणीवर हिरवी झाक आली. पाचव्या दिवशी दुपारी एक वाजता काचेच्या आतून बारीक बुडबुडे वर चढताना दिसले. मोहरीहून लहान, एकामागून एक. आठव्या दिवशी ते पाणी कोवळ्या गव्हाच्या रंगाचं होतं आणि नाकाजवळ नेलं तर ओल्या मातीसारखा वास येत होता. पोत्यातल्या बरणीचं फडकं सोडलं तेव्हा सडक्या अंड्याच्या वासानं मला दोन पावलं मागे सरावं लागलं.

यानंतर मी लग्नकार्यासाठी परगावी गेलो आणि पंधरा-सोळा दिवसांनी परतलो. हिरवी बरणी तपकिरी झाली होती. शेवाळ मरून तळाला बसलं होतं, वर पातळ साय आली होती आणि नालीचा वास परत आला होता. आठव्या दिवशी मला जे स्वच्छ वाटलं ते स्वच्छ झालेलं नव्हतंच. घाणीनं फक्त रूप बदललं होतं, आणि ते रूप हातात धरून बाहेर काढण्यासारखं होतं तेव्हा मी तिथे नव्हतो. या विषयात वाचलेल्या कोणत्याही पुस्तकानं मला त्या तपकिरी बरणीइतकं शिकवलं नाही.

पुढच्या खेपेला बरणीत मच्छरदाणीच्या जुन्या जाळीची एक पट्टी सोडली. हौदातलं तंतूसारखं वाढणारं शेवाळ, ज्याला आपण गोंडाळ म्हणतो, ते जाळीला धरलं. दहाव्या दिवशी पट्टी वर उचलली तेव्हा तिच्याबरोबर हिरव्या लोकरीसारखा गुंता बाहेर आला. दगडावर पसरून वाळवला, तर उरलं चिमूटभर, पाच लिटर पाण्यामागे दोन-तीन ग्रॅम. खाली राहिलेलं पाणी महिनाभर बरणीत ठेवलं, त्याला वास आला नाही.

आता यात घडतं काय ते सांगतो. शेवाळ मैला खातं असा एक समज आहे, तो सोडून द्यावा. मैला, खरकटं आणि साबणाचा मळ कुजवण्याचं काम जिवाणू करतात. त्यांना त्यासाठी प्राणवायू लागतो. बंद नालीत तो संपला की प्राणवायू न लागणारे जिवाणू माजतात आणि त्यांच्याबरोबर वास येतो. शहरातल्या शुद्धीकरण केंद्रात हा प्राणवायू मोठ्या विजेच्या पंपांनी पाण्यात घालतात आणि विजेच्या बिलातला मोठा वाटा त्यातच जातो. उन्हातलं शेवाळ तेच काम फुकट करतं. माझ्या बरणीतले बुडबुडे म्हणजे हाच प्राणवायू. मैला कुजून सुटलेलं नत्र, स्फुरद आणि कर्बवायू शेवाळ आपल्या अंगात घेतं. जिवाणू शेवाळाला खायला देतात आणि शेवाळ जिवाणूंना श्वास देतं. शिवाय भर दुपारी शेवाळ पाण्यातला कर्बवायू इतका ओढून घेतं की पाण्याचा सामू साडेनऊ-दहापर्यंत चढतो. ऊन, प्राणवायू आणि हा चढलेला सामू मिळून पोट बिघडवणाऱ्या जंतूंना जगू देत नाहीत. पहाटे सामू मोजायची पट्टी बुडवली तर आकडा पुन्हा खाली आलेला असतो, कारण रात्री शेवाळही श्वास घेतं. दाट हिरव्या तळ्यात पहाटेच्या वेळी मासे तोंड वर काढून तडफडतात, ते याच कारणानं.

वाळलेल्या एक किलो शेवाळात साधारण ६० ते ८० ग्रॅम नत्र असतं आणि दहाएक ग्रॅम स्फुरद. सत्तर ग्रॅम नत्र म्हणजे दीडशे ग्रॅम युरिया. हजार माणसांचं संडासासह सगळं सांडपाणी धरलं आणि लिटरमागे अगदी ४० मिलिग्रॅमच नत्र मोजलं, तरी रोज पावणेदोन किलो नत्र वाहून जातं. त्याचा वर्षाचा हिशेब ४५ किलोच्या युरियाच्या तीसेक पोत्यांवर जातो. सगळं हाती लागणार नाही. तळ्यातून काही अमोनिया हवेतही उडतो. निम्मं लागलं तरी गावाच्या मालकीची पंधरा पोती होतात, आणि मुख्य म्हणजे तेवढं नत्र ओढ्यात जात नाही.

हे सगळं कुठे परदेशात घडलं असेल असं वाटू नये म्हणून नागपूरची गोष्ट मुद्दाम सांगतो. १९५८ साली नागपुरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था उभी राहिली. १९७४ पासून तिला आपण नीरी म्हणून ओळखतो. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात विल्यम ऑस्वाल्ड आणि हॅरल्ड गोटास यांनी १९५७ साली सांडपाण्याच्या तळ्यातलं शेवाळ आणि जिवाणू यांचं नातं नीट मांडून दाखवलं होतं. नागपूरच्या संस्थेनं तो विचार भारतीय उन्हात उतरवला. सोली आर्सेवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली भारतातल्या स्थिरीकरण तळ्यांवर, म्हणजे शेवाळाकडून सांडपाणी साफ करून घेणाऱ्या तळ्यांवर, एक पुस्तक काढलं: तळं किती खोल खणावं, किती लांबरुंद असावं, कोणत्या अक्षांशाला किती मैला त्याच्यावर सोडावा. पुढे आलेल्या भारतीय मानकात वीस अंश अक्षांशासाठी हेक्टरी रोज साधारण २५० किलो जैविक भार, म्हणजे मैला कुजवायला लागणारा प्राणवायू, धरलेला आहे. आपण साडेएकोणीस अंशाच्या आसपास आहोत. माणशी रोज ४५ ग्रॅम भार धरला तर हजार माणसांना १८ गुंठे तळं लागतं, एक ते दीड मीटर खोलीचं. पंप नाही, रसायन नाही, रात्रपाळीचा ऑपरेटर नाही. १८ गुंठे जमीन आणि मराठवाड्याचं ऊन, जे आपल्याला कधी कमी पडलेलं नाही.

स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात ग्रामपंचायतींच्या कागदांवर हीच स्थिरीकरण तळी पुन्हा आली आहेत. ती खणली जातात, कुंपण होतं, फलक लागतो. पण त्यातलं शेवाळ काढायचं कोणी आणि कधी, याची ओळ मी पाहिलेल्या अंदाजपत्रकांत मला सापडली नाही. माझ्या मते सगळी गोम इथे आहे.

न काढलेल्या शेवाळाचं काय होतं हे बघायला बरणीची गरज नाही. पुण्या-पिंपरीचं सांडपाणी घेऊन नद्या भीमेला मिळतात आणि भीमा उजनीत येते. उजनीचं पाणी हिरवं झाल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आहेत. कोल्हापूरकरांनी आपला रंकाळा असाच हिरवा झालेला पाहिला आहे. तिथे शेवाळानं आपलं काम चोख केलं, पाण्यातलं नत्र आणि स्फुरद उचललं. त्याला उचलणारं कोणी नव्हतं. ते तिथेच मरतं, कुजतं, पाण्यातला प्राणवायू संपवतं आणि उचललेलं सगळं परत करतं. दोष शेवाळाचा धरला जातो. हळदीचं पीक आठ-नऊ महिने सांभाळून, पाला कापून, कंद जमिनीतच ठेवून आपल्यापैकी कोणी घरी येईल का? काढणी, शिजवणी, वाळवणी, पॉलिश झाल्याशिवाय आपण हळद झाली म्हणत नाही. शेवाळालाही तोच नियम लावावा एवढंच माझं मागणं आहे.

काढायचं कसं, यावर या पुस्तिकेतलं सर्वांत मोठं प्रकरण आहे. क्लोरेलासारखं एकपेशीय शेवाळ एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असतं, ते फडक्यातून गळून जातं. लिटरभर दाट हिरव्या पाण्यात ते अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरतं. यंत्रानं गाळायचं तर त्याचा खर्च सगळा फायदा खाऊन टाकतो. जगभरातले मोठे प्रयोग अडले ते या पायरीवर. तुरटीनं किंवा शेवग्याच्या बियांच्या पुडीनं ते गोळा होऊन तळाला बसतं, हा एक मार्ग. दुसरा मार्ग माशांचा. कोलकात्याच्या पूर्वेला साडेबारा हजार हेक्टरचा पाणथळ प्रदेश आहे, २००२ पासून रामसर यादीत असलेला. तिथले कोळी पिढ्यान्‌पिढ्या शहराचं सांडपाणी उथळ तळ्यांत घेतात, त्याला ऊन दाखवतात, काळं पाणी हिरवं होऊ देतात आणि मग त्यात मासे सोडतात. शेवाळ आणि त्यावर जगणारे बारीक जीव माशांच्या पोटात जातात आणि मासे बाजारात. ध्रुवज्योती घोष या अभियंत्यानं आयुष्य खर्चून त्या कोळ्यांचं शहाणपण जगापुढे मांडलं, नाहीतर ती तळी बुजवून तिथे इमारती उठल्या असत्या. तिथे काढणी म्हणजे जाळं ओढणं. वेगळ्या शब्दांत तेच काम.

तिसरा मार्ग मला आपल्या गावासाठी सर्वांत जवळचा वाटतो. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेतले वॉल्टर एडी यांनी १९८० च्या दशकात उतारावर जाळी अंथरून तिच्यावरून पातळ पाणी सोडलं आणि जाळीला धरलेलं तंतुमय शेवाळ आठवड्या-दोन आठवड्यांनी खरवडून घेतलं. माझ्या मच्छरदाणीच्या पट्टीचा हा मोठा भाऊ. यात हातानं करता येणार नाही असं काही नाही. विटेचा तुकडा सोडून लाकडी फळी घ्यायची, एवढाच बदल.

मातीचा विषय वेगळा आहे, आणि त्यावर लिहिताना मी जास्त सांभाळून लिहिलं आहे. निळं-हिरवं शेवाळ भाताच्या खाचरात हवेतलं नत्र बांधतं हे पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवलं. खरं तर हे निळं-हिरवं शेवाळ जिवाणूंच्या कुळातलं, पण बोलीत ते शेवाळच आहे. भातउत्पादकांना त्याची हेक्टरी दहा किलोची शिफारस तोंडपाठ असते. १९५० साली बनारस हिंदू विद्यापीठाच्या आर. एन. सिंह यांनी उसर, म्हणजे आपल्या भाषेत चोपण जमिनीवर प्रयोग मांडला. शेताला बांध घालून पावसाचं पाणी उभं राहू दिलं, त्यात निळं-हिरवं शेवाळ वाढू दिलं, आणि माती सुधारत गेली. शेवाळ एक चिकट द्रव सोडतं, त्यानं मातीचे कण एकमेकांना धरतात, पाणी मुरायला वाट होते, सेंद्रिय अंश वाढतो. कालव्याखाली पाणी साचून चिबड आणि मग चोपण झालेल्या काळ्या जमिनीचा मालक हे वाचून हरखून जाईल.

त्यानं पुढचंही वाचावं. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात श्री. आपटे आणि श्री. थॉमस यांनी खारवट मातीत अ‍ॅनाबिना जातीचं शेवाळ वाढवून पाहिलं. १९९७ साली छापून आलेल्या त्यांच्या शोधनिबंधाचा निष्कर्ष असा की शेवाळ वाढत असेपर्यंत सोडियम पकडून ठेवतं, त्या काळात पीकही बरं येतं, पण शेवाळ मरून कुजलं की सोडियम परत मातीत येतं. कायमचा क्षार त्यानं जात नाही. हा निबंध वाचताना मला माझी तपकिरी बरणी आठवली. तेव्हा चोपण जमिनीला आधी चर खणून निचरा, मग जिप्सम, आणि त्यांच्या जोडीला शेवाळ, हाच क्रम ठेवावा. शेवाळाच्या भरवशावर चर खणायचं टाळू नये.

शेतात साठलेल्या कीटकनाशकांबद्दल मात्र आशा ठेवायला जागा आहे. आपल्याकडे गॅमॅक्सिन म्हणून जी पावडर पोत्यांनी वापरली गेली, त्यातलं लिंडेन अ‍ॅनाबिना शेवाळ मोडू शकतं, हे अमेरिकेतल्या मिशिगन राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९५ साली दाखवलं. इथे पकडून ठेवणं नाही, रेणूच मोडला जातो. जे मोडतं ते परत येत नाही. पुस्तिका वाचताना वाचकानं प्रत्येक ठिकाणी हा प्रश्न स्वतःला विचारावा: इथे शेवाळ विष मोडतंय की फक्त धरून ठेवतंय?

जड धातूंच्या बाबतीत ते धरूनच ठेवतं. शिसं, कॅडमियम, क्रोमियम शेवाळाच्या पेशीच्या भिंतीला चिकटतात, पाणी साफ होतं, आणि शेवाळ विषारी होतं. कारखान्याच्या पाण्यात वाढलेलं शेवाळ शेतात टाकायचं नाही, गुरांना घालायचं नाही. हे वाक्य मी पुस्तिकेत चार ठिकाणी लिहिलं आहे आणि ते चारही ठिकाणी राहू द्यावं असं छापणाऱ्यांना सांगितलं आहे. कारखान्यांसाठी ही विद्या वापरण्याचं एक चांगलं उदाहरण तमिळनाडूत राणीपेट इथे आहे. चेन्नईचे प्राध्यापक व्ही. शिवसुब्रमणियन यांनी २००६ च्या सुमारास तिथल्या एका अल्जिनेट कारखान्याचं आम्लयुक्त पाणी शेवाळाच्या उथळ टाक्यांत घेतलं. आधी ते कॉस्टिक सोडा घालून शमवलं जाई आणि त्यातून ढीगभर गाळ निघे. शेवाळानं आम्लपणा उतरवला आणि गाळ कमी झाला. त्यांनी त्यासाठी त्याच पाण्यात टिकणारी जात शोधून काढली होती, हा त्यातला खरा धडा. कोणत्याही पाण्यात कोणतंही शेवाळ चालत नाही.

याची साक्ष द्यायला लोणार आहे. तिथल्या सरोवराचं पाणी इतकं अल्कधर्मी आहे की त्याचा सामू दहाच्या आसपास असतो. आपल्या हौदातलं गोंडाळ त्यात एक दिवस टिकणार नाही. पण स्पिरुलिना म्हणून ज्याच्या गोळ्या विकल्या जातात ते शेवाळ तिथे सुखानं नांदतं आणि सरोवराला हिरवा रंग देतं. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झालं, लोक घाबरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग आहे. पाण्यात कोण राहतं यावरून पाणी कसं आहे ते कळतं. पामर नावाच्या शास्त्रज्ञानं १९६९ साली शेवाळांच्या प्रजातींना गुण देऊन पाण्याची घाण मोजायची रीत बसवली. युग्लिना आणि ऑसिलेटोरिया दिसले तर सर्वांत जास्त गुण, आणि बेरीज वीसच्या वर गेली की पाण्यात मैला नक्की. शाळेतला साधा सूक्ष्मदर्शक याला पुरतो. आमच्या नालीची बेरीज मुलांनी काढली आहे, ती वीसच्या बरीच वर होती.

आणखी दोन सावधगिऱ्या आहेत. काही निळी-हिरवी शेवाळं विषारी असतात. ऑस्ट्रेलियात तळ्याच्या हिरव्या सायीचं पाणी पिऊन गुरं-मेंढरं मेल्याची नोंद जॉर्ज फ्रान्सिस यांनी १८७८ सालीच केली आहे. तेव्हा हिरव्या रंगाची साय धरलेल्या तळ्यावर जनावरं नेऊ नयेत. दुसरी सावधगिरी बाजाराची. तळ्यात बाटलीभर टाका आणि आठवड्यात पाणी नितळ करा, असं सांगणारे विक्रेते ग्रामपंचायतीत येतात. त्यांना एकच विचारावं, की पाण्यातलं नत्र गेलं कुठे? हवेत उडणारा थोडा भाग सोडला तर बाहेर काढल्याशिवाय ते जात नाही.

शेवाळाचं तळं हे प्रत्येक गावाचं उत्तर आहे असंही मी म्हणणार नाही. आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे घेऊन गाव डासमुक्त केलं आणि नांदेड पॅटर्न म्हणून तो राज्यभर गाजला. जिथे मुरमाड जमीन आहे, पाणी मुरतं, तिथे आधी शोषखड्डाच घ्यावा. काळ्या चिकण मातीत तो पावसाळ्यात तुंबतो. दाट वस्तीत खड्ड्याला जागा नसते, आणि आड जवळ असेल तर त्याच्या पाण्यात नत्र उतरायची भीती असते. अशा ठिकाणी नालीच्या शेवटी तळं आणि जाळी, हा मार्ग आहे. दोन्हींचं भांडण नाही.

पुढच्या प्रकरणांत तळ्याची मापं, जाळीची बांधणी, उन्हाळ्यातल्या बाष्पीभवनाचा हिशेब, काढलेल्या शेवाळाचं कंपोस्ट आणि कच्च्या खायच्या भाज्यांना ते का घालू नये, हे ओळीनं दिलं आहे. सरपंच आणि ग्रामसेवकांनी काढणीचं प्रकरण आधी वाचलं तरी चालेल. तळ्याच्या अंदाजपत्रकात आठवड्यातून एक दिवस दोन माणसांची मजुरी काढणीसाठी धरा. एवढी एक ओळ वाढली तरी ही पुस्तिका लिहिल्याचं मला समाधान आहे.

शिक्षकांना आणि मुलांना मात्र वेगळी विनंती आहे. पान उलटण्याआधी एक काचेची बरणी घ्या, आपल्या दारातल्या नालीचं पाणी भरा, हौदाच्या कडेचं चमचाभर शेवाळ टाका, जाळीची पट्टी सोडा आणि बरणी उन्हात ठेवा. हात साबणानं धुवा. दहाव्या दिवशी पट्टी बाहेर काढायला विसरू नका.

शिरड शहापूर, ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली